खारूताईचा हलता दात

मुलांनो, आधी एक काम करा. जीभ मागे न्या. आणखी मागे. शेवटच्या दाढेच्या पलीकडे नुसती हिरडी लागते का? गुळगुळीत, ओलसर, अजून काहीच न उगवलेली? ती जागा लक्षात ठेवा. आता कल्पना करा, की एक अनोळखी गृहस्थ सकाळी तुमच्या खोलीत येतात, ‘आ कर’ म्हणतात, छोट्या टॉर्चने तिथे बघतात, आणि तुम्ही यापुढे कुठे झोपायचं, कुणाबरोबर जेवायचं हे ठरवून टाकतात. तुमचं नाव विचारत नाहीत. दारात तुमची धाकटी बहीण उभी आहे, तिच्याकडे बघत नाहीत. झाली कल्पना? छान. आता तोंड मिटा, माशी जाईल.

हे आमच्या गल्लीत खरंच घडलं, आणि त्यात मी मध्ये पडले. मी मध्ये पडले नसते तर ते थोडक्यात घडलं असतं.

मी शाळेत भूगोल शिकवत असे. निवृत्त झाल्यावर शिकवायची खोड जाईना, म्हणून समोरच्या बालगृहातली मुलं संध्याकाळी माझ्या पुढच्या खोलीत येऊ लागली. त्यांत एक होती खारूताई. नऊ वर्षांची. पेन्सिल, पाटीची कड, फ्रॉकची कॉलर, जे दातांत सापडेल ते कुरतडायची, म्हणून खारूताई. तिच्याबरोबर तिचा भाऊ यायचा. त्याला सगळे दादा म्हणत, कारण ती दिवसातून इतक्या वेळा तशी हाक मारायची की आमच्याही तोंडात तेच बसलं. मी त्याच्या आजीच्या वयाची, पण मीही दादाच म्हणायची.

दोघांना आईवडील नव्हते. ते कसे गेले हे सांगायचं तर दादाने सांगावं, आणि तो सांगत नाही. एवढं माहीत होतं की आईवडील दूरच्या मुलखातून कामासाठी इथे आले होते. खारूताई इथे आल्यावर झाली, इथल्याच दवाखान्यात, त्यामुळे तिच्या जन्माचा दाखला होता. दादा तिकडे जन्मला होता, आणि तिकडे त्या गावात माणसं नुसतीच जन्मत, दाखला कुणी देत नसे.

दादाचं एक काम ठरलेलं होतं. खारूताईचा दुधाचा दात हलायला लागला की तो काढायचा तो दादाने. खिशात दोरा ठेवायचा, गाठ मारायचा, काहीतरी विनोद सांगायचा आणि ती हसली की झटका. दुसऱ्या कुणाला ती दाताला बोट लावू देत नसे.

तर ते टॉर्चवाले गृहस्थ म्हणजे बालकल्याण कचेरीतले तपासनीस. बालगृहाचा नियम असा की अठरा पूर्ण झाली की मुलाने बाहेर पडायचं. दादाचं वय कागदावर नव्हतं, म्हणून त्यांनी ते तोंडात शोधलं. खालच्या दोन्ही अक्कलदाढा वर आलेल्या दिसल्या. झालं. अठरा पूर्ण. त्याने महिनाअखेर मोठ्या माणसांच्या निवाऱ्यात जायचं. निवारा दुसऱ्या शहरात, बसने जवळजवळ दिवसाचा प्रवास. खारूताई इथेच राहणार.

ते ऐकून मी आमच्या यांना म्हटलं, “मी जाऊन सांगून येते. पोरगा पंधराचा असेल नसेल. जेवायच्या आत परत येते.”

हे पाणीखात्यात नोकरीला होते, त्यामुळे कचेऱ्या आतून ओळखतात. म्हणाले, “जेवण झाकून ठेवू की रात्रीचंही मीच करू?”

मी उत्तर दिलं नाही. काही प्रश्नांना उत्तर न देण्यातच मान असतो, असं मला तोपर्यंत वाटत असे.

तपासनीस माणूस सभ्य होता. टॉर्च रुमालाने पुसून डबीत ठेवायचा. त्याच्या पाठीमागे भिंतीवर काचेच्या चौकटीत दातांचा तक्ता टांगला होता: कुठला दात कितव्या वर्षी.

“साहेब, हा तक्ता कुणाचे दात बघून केला?” मी विचारलं.

“माणसांचे.”

“कुठल्या माणसांचे?”

“ज्यांना दात होते त्यांचे, बाई.”

मी चष्मा लावला आणि तक्त्याच्या तळाशी मुंगीएवढ्या अक्षरांत छापलेलं शहराचं नाव वाचलं. ते थंड प्रदेशातलं, समुद्राच्या पलीकडचं शहर निघालं. “साहेब,” मी म्हटलं, “तिथे वर्षातले कितीतरी महिने बर्फ पडतो!”

“दातांवर नाही पडत,” तो शांतपणे म्हणाला. “पुरावा आणा, बघू.”

आता पुरावा आणायचा म्हणजे काय, हे मला कुणी सांगितलं नाही. भूगोलाच्या बाईला कुणी काही सांगत नाही. तिला सगळं माहीत असतं असा समज असतो. मी घरी येता येता ठरवलं, की माणसागणिक अक्कलदाढ वेगवेगळ्या वयात येते एवढं दाखवलं की काम झालं. आणि माणसं कुठे शोधायची? आमच्या इमारतीत माणसांशिवाय दुसरं होतं काय?

दुसऱ्या दिवशी मी जिन्यात खुर्ची टाकून बसले. येणाऱ्या-जाणाऱ्याला आ करायला लावायचं आणि विचारायचं, कधी आली? सुरुवात शिंपीकाकांपासून झाली, कारण त्यांचं दुकान जिन्याखालीच. ते म्हणाले, “बाई, माझी तिशी उलटल्यावर आली. गाल असा सुजला होता की गिऱ्हाइकाच्या मापाऐवजी माझंच माप घेत होते सगळे.” वरच्या मजल्यावरच्या वहिनींची शाळेत असतानाच आली होती, ऐन परीक्षेत. त्यांनी ते इतक्या विस्ताराने सांगितलं की खाली उतरणारे चौघे अडकले आणि वर चढणारे तिघे. वहिनींच्या सासऱ्यांनी आपली कवळी हातात आणून दिली आणि “तुम्हीच बघा, मला आठवत नाही” म्हणून निघून गेले. मग ती कवळी मला दिवसभर सांभाळावी लागली. तीन मजल्यांवर तीन मतं झाली. एकाने सांगितलं, मीठपाण्याने दाढ लवकर येते. दुसऱ्याने सांगितलं, मीठपाण्याने थांबते. दादाला मीठपाणी द्यायचं की नाही यावरून दोन घरांचं बोलणं बंद झालं, आणि दादाची दाढ तर केव्हाच येऊन बसली होती.

शेवटी यांनी विचारलं, “आणि तुझी?”

मी आरसा आणला. जीभ नेली, बोट नेलं. काही नाही. पडली नव्हती, काढली नव्हती. एकही कधी आलीच नव्हती.

“मला लग्नापासून शंका होती,” हे म्हणाले, आणि पेपर वाचू लागले.

हा सगळा पुरावा मी तपासनीसांपुढे ठेवला. त्यांनी लक्षपूर्वक ऐकून घेतला. मग म्हणाले, “बाई, ही सगळी इथली माणसं. मुलगा तिकडचा. तुमच्या जिन्यावरून त्याच्या जबड्याचं काय सिद्ध होतं?”

अहो, हे तर माझंच म्हणणं होतं! परवा मी त्यांना दिलेलं, आज त्यांनी मलाच परत दिलं, तेही पुसून, डबीत घालून.

मुलांनो, इथे शहाण्या माणसाने थांबायला हवं होतं. मी दातांच्या डॉक्टरकडे गेले.

डॉक्टर माझीच जुनी विद्यार्थिनी. भूगोलात कशीबशी पास व्हायची. तिने मला खुर्चीत बसवलं, कारण दुसरी खुर्चीच नव्हती, आणि मी त्या आडव्या खुर्चीत पाय वर करून सगळी हकिगत छताला सांगितली.

“बाई, तुमचं म्हणणं बरोबर आहे,” ती म्हणाली. “काही लोकांत ही दाढ पंधराव्या वर्षाच्या आसपास डोकावते, काहींत विशी उलटून जाते, काहींना तुमच्यासारखी येतच नाही. जबड्यात जागा किती, आईवडिलांकडून काय आलं, कितीतरी गोष्टी असतात. एका मुलखाचा तक्ता दुसऱ्या मुलखाच्या तोंडाला लावायचा तर फार जपून लावायला हवा. आणि एकाच मुलखातही दोन पोरं सारखी नसतात. दाढेवरून साधारण अंदाज येतो. वाढदिवस नाही कळत.”

“हे लिहून देशील?”

“देईन. पण त्याच्या घरातलं आणखी कुणी असलं तर बघू या. घराण्यात दात लवकर येत असतील तर तेवढं बळ मिळेल.”

घरातलं म्हणजे एकच माणूस होतं. मी खारूताईला घेऊन आले. डॉक्टरने तिच्या तोंडात बघितलं आणि भुवया उंचावल्या. “अरे वा! मागच्या दाढा आल्यासुद्धा. या साधारण बाराव्या वर्षी येतात. हिला नवव्यातच? म्हणजे घराणंच घाईचं दिसतंय.”

मी खुर्चीवरून उडी मारली असती, पण खुर्चीत खारूताई होती. जिचं वय दाखल्यावर छापलेलं आहे, तिच्याच दाढा तक्त्याच्या तीन वर्षं पुढे! याहून पक्का पुरावा कुठला? डॉक्टर म्हणत होती, मी दुपारी बरोबर येते, थांबा. मी थांबले नाही. खारूताईचा हात धरला आणि तडक कचेरी गाठली.

तपासनीसांनी टॉर्च काढला. खारूताईने आ केला. त्यांनी तक्त्याकडे बघितलं, मग तिच्याकडे.

“बारा वर्षांची आहे ही,” ते म्हणाले.

“नऊ! हा बघा दाखला.”

“बाई, कागद दुसऱ्या कुणाचाही असू शकतो. दाढ तिच्याच तोंडात आहे.” ते खरंच हळहळले. “बरं झालं लक्षात आणून दिलंत. बारा पूर्ण झालेल्या मुली मुलग्यांच्या गृहात ठेवता येत नाहीत. हिला मोठ्या मुलींच्या गृहात पाठवावं लागेल.”

मोठ्या मुलींचं गृह तिसऱ्या शहरात होतं. दादाच्या निवाऱ्याच्या बरोबर उलट दिशेला. मला नकाशे चांगले कळतात.

परत येताना खारूताई जिभेने पुढचा एक दात हलवत राहिली, आत-बाहेर, आत-बाहेर.

त्या संध्याकाळी दादा माझ्या खोलीत आला. बाकीची मुलं गेली तरी बसून राहिला. खारूताईच्या चावलेल्या पेन्सिलींना एकेक करून टोक काढत होता. सगळ्या झाल्यावर म्हणाला, “बाई, आता तिला मदत नका करू.”

आयुष्यात माझ्यावर पुष्कळ जण रागावले. मुख्याध्यापक रागावले, पालक रागावले, एकदा तर एका मंत्र्याचा ड्रायव्हर रागावला. पण इतक्या हळू आवाजात कुणी रागावलं नव्हतं. तो गेल्यावर मी टोकं काढलेल्या पेन्सिली सारख्या करून ठेवल्या, पुन्हा विस्कटल्या, पुन्हा सारख्या केल्या. यांनी आतून चहा आणला. विनोद केला नाही, तेव्हा प्रकरण किती वाईट आहे ते मला कळलं.

चहा पिऊन मी डॉक्टरला फोन लावला. ती आधी मला बोलायची ते बोलली. विद्यार्थिनी असली तरी तिचा तो हक्क होता. मग म्हणाली, “बाई, तिचा तो पुढचा दात हलतोय ना? तो दुधाचा आहे. तो साधारण आठव्या वर्षाच्या आत पडतो.”

“मग?”

“मग म्हणजे काय! तक्ता खरा मानला तर त्याच्या हिशेबाने ती मागून बारा वर्षांची आहे आणि पुढून आठची. एकाच तोंडात. तपासनीसांनी फक्त मागे टॉर्च मारला. त्यांच्या वरच्या साहेबांकडे दाद मागू या. मात्र तोपर्यंत तो दात पडता कामा नये.”

मुलांनो, तुमच्यापैकी ज्यांचा दात कधी हलला असेल त्यांना विचारते: तो न हलवता राहणं किती सोपं आहे? आणि खारूताईचा दात तर असा लोंबत होता की ती बोलताना तो तिच्या मागून बोलायचा.

साहेबांची तारीख पुढच्या आठवड्यातली मिळाली. तोवर सबंध इमारत त्या एका दाताच्या सेवेला लागली. ज्या दोन घरांचं बोलणं बंद होतं, ती दोन्ही मिळून तिच्यासाठी भात मऊ शिजवू लागली. वहिनींनी तिला सफरचंद दाखवायलाही बंदी केली. आम्ही माझ्या खोलीतल्या सगळ्या पेन्सिली लपवल्या आणि मुलांना आठवडाभर तोंडी भूगोल शिकवला. यांनी तर तिला शिंक आली की नाक धरायचं काम आपल्याकडे घेतलं. शिंपीकाका दुकानाच्या पायरीवरून विचारत, “काय म्हणतोय आमचा साक्षीदार? सैल झाला असेल तर सांग हो, एक टाका घालतो. माझा टाका कापड फाटलं तरी उसवत नाही.” ती तोंड न उघडता हसायची, ओठ घट्ट मिटून, गालांनी.

फक्त दादा हसत नव्हता. त्याच्या खिशात दोरा होता, हे मी बघितलं होतं. हा दात आपण इथे असेपर्यंत आपल्या हाताने काढायचा, असं त्याच्या मनात होतं. महिनाअखेर जवळ येत होती, आणि सगळे त्याला सांगत होते, हात लावू नकोस.

तारखेच्या दिवशी आम्ही सगळेच गेलो: मी, हे, डॉक्टर, दुकान बंद करून शिंपीकाका आणि ही दोघं भावंडं. मोठे साहेब वयस्कर होते, थकलेले. तपासनीसांनी तक्ता भिंतीवरून काढून काखेत आणला होता.

डॉक्टर नीट, सावकाश बोलली. मुलखामुलखांतला फरक सांगितला. मग म्हणाली, “आणि साहेब, या तक्त्याचंच ऐकायचं तर आमच्या बाईंना अक्कलदाढ एकही नाही. म्हणजे त्या अजून अठराच्या झालेल्या नाहीत. त्यांनी सही केलेला हा अर्ज तुम्हाला घेता येणार नाही.”

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. पांढरे केस, दोन चष्मे. “तोंड उघडा,” ते म्हणाले.

मी उघडलं. हो, उघडलं. ज्या तोंडाने मी अर्ध्या शहराला खंड आणि महासागर शिकवले, ते मी भर कचेरीत, परक्या माणसांसमोर आ वासून धरलं, आणि तपासनीसांनी त्यात टॉर्च मारला. “नाहीत, साहेब,” ते पडलेल्या आवाजात म्हणाले. शिंपीकाका खोकले. हे खिडकीबाहेर बघत होते, त्यांचे खांदे हलत होते.

साहेब हसले नाहीत. त्यांनी खारूताईला जवळ बोलावलं. तिने ओठ वेगळे केले. दात होता. एका बाजूने सुटलेला, तिरका, पण होता. साहेबांनी तक्त्यावर एक बोट मागच्या दाढेवर ठेवलं, एक पुढच्या दातावर, आणि बराच वेळ दोन बोटांमधल्या अंतराकडे बघत राहिले.

मग त्यांनी दादाला विचारलं, “तुझं वय काय रे?”

इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी त्याला विचारलाच नव्हता.

“नक्की माहीत नाही,” दादा म्हणाला. “आई म्हणायची, ही झाली त्या दिवशी माझा पहिला दात पडला. सकाळी तो पडला, दुपारी ही आली.”

डॉक्टर पुटपुटली, “पहिला दात सहाव्या वर्षाच्या सुमारास. आणि ती नऊची.”

“तो दात कुठे आहे?” तपासनीसांनी विचारलं. सवयीने विचारलं असणार. वाईट माणूस नव्हता.

“आईने छपरावर टाकला होता.”

“ते छप्पर कुठे आहे?”

“नदीने नेलं,” दादा म्हणाला.

छपराखाली कोण होतं ते त्याने सांगितलं नाही. कुणी विचारलं नाही. साहेबांनी टेबलावरची पिन उचलून दुसरीकडे ठेवली.

“मुलीचा दाखला खरा धरा,” ते तपासनीसांना म्हणाले. “ती इथेच राहील. मुलाचं मला एकट्याला ठरवता येणार नाही. मोठ्या रुग्णालयाचं मत मागवतो. तोवर तोही इथेच. पुढची तारीख कळवू. त्या दिवशी दोघांना घेऊन या, पुन्हा बघू.”

“तोवर म्हणजे कधीपर्यंत, साहेब?” मी विचारलं.

“तोवर म्हणजे तोवर, बाई.”

आम्ही बाहेरच्या व्हरांड्यात आलो. वहिनींनी डब्यात दिलेलं सफरचंद यांनी काढलं. शिंपीकाका म्हणाले, “सुटला बिचारा आमचा साक्षीदार! आता पड म्हणावं खुशाल.” दादाने खिशातून दोरा काढला. कितीतरी दिवसांनी तो हसत होता. बाकावर बसला, दोऱ्याला फास केला आणि म्हणाला, “ये. आ कर. तुला एक विनोद सांगतो.”

खारूताई त्याच्यासमोर उभी राहिली. तिने साहेबांच्या बंद झालेल्या दाराकडे बघितलं, मग दोऱ्याकडे. तिने तो दादाच्या हातातून अलगद काढून घेतला, फास सोडवला, सरळ शिंपीकाकांपुढे गेली आणि दोरा त्यांच्या हातावर ठेवला.

“काका, टाका घाला,” ती म्हणाली. “घट्ट.”

आणि तिने आ केला.